रत्नागिरी, समुद्राच्या बाजूनं

गणपतीपुळ्याला निघालेल्या माणसाला रत्नागिरी लागते ती पेट्रोलपुरती. मारुती मंदिराच्या चौकात गाडी घटकाभर थांबते, कुणी फणसपोळी घेतं, कुणी पाण्याच्या बाटल्या, आणि आरे-वारेच्या रस्त्यानं सगळे पुढे पंचवीस किलोमीटरवर गणपतीच्या दर्शनाला. ज्यांच्यापाशी तासभर असतो ते थिबा राजवाड्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मग रत्नागिरी 'झाली' असं समजलं जातं. या शहराला पुरा एक दिवस दिला पाहिजे असं मी ओळखीपाळखीच्यांना सांगत असतो, आणि त्यांचे चेहरे बघून कळतं की हे काही त्यांना पटलेलं नाही. त्यात त्यांचा फार दोष नाही. आपण हातखंब्याहून, महामार्गाच्या बाजूनं शहरात शिरतो. लागतात ती फर्निचरची दुकानं, शोरूम, सरकारी कचेऱ्या. असं कुठलंही जिल्ह्याचं गाव दिसतं. हे शहर वाढलं ते बंदरांमुळे. रस्ते आणि रेल्वे फार उशिरा आले. त्यामुळे दिवस काढायचा तर समुद्राकडून सुरुवात करावी आणि हळूहळू गावात यावं. माझ्या मते ती सुरुवात मिरकरवाड्यातच व्हायला हवी.

मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या, पावसाळी वेळापत्रक सोडलं तर, उजाडायच्या आत रत्नागिरीला सोडते. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा झोपेतच मागे पडलेला असतो. स्टेशन वर कुवारबावला आहे आणि गाव खाली. रिक्षावाल्याला 'मिरकरवाडा' सांगितलं की तो एकदा तुमच्या बॅगेकडे बघतो, कारण त्या वेळी तिकडे जातात ते मासळीचे व्यापारी, मासळी विकणाऱ्या बायका आणि बर्फवाले. पर्यटक तिकडे जात नाही. कुठल्याही हॉटेलच्या भिंतीवरच्या 'प्रेक्षणीय स्थळे' या पाटीवर मिरकरवाडा नसतो, आणि वासाचा विचार करता ते समजण्यासारखं आहे.

रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या उत्तरेला, मिऱ्याच्या उपसागराच्या कोपऱ्यात मिरकरवाडा बसलेला आहे. नैर्ऋत्येचा वारा आणि लाट डोंगर अडवतो, उरलेलं काम दगडी बंधारा करतो. आत शिरल्यावर आधी बोटी दिसतात आणि पाणी नंतर, कारण बोटी एकीला एक खेटून तीन-तीन, चार-चार रांगांत उभ्या असतात. शेवटच्या बोटीवरून धक्क्यावर यायचं तर मधल्या सगळ्या बोटी ओलांडाव्या लागतात. खलाशी ते भरलेले क्रेट खांद्यावर घेऊन करतात. डेकवर माशांचं पाणी सांडलेलं असतं आणि पाय सहसा अनवाणी. यातले पुष्कळ खलाशी नेपाळचे. ज्या देशाला समुद्र नाही त्या देशाची मुलं इथे हंगामाच्या बोलीवर, उचल घेऊन येतात आणि अरबी समुद्रात आठ-आठ महिने काढतात. कोकणातली मुलं मुंबईला गेली आणि त्यांच्या जागी हे आले, असं लोक एका वाक्यात सांगून मोकळे होतात. पण तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, मात्र अजून इथलाच लागतो. पाण्याचा रंग, पक्ष्यांचा घोळका आणि मासळीचं 'थवं' ओळखणं हे काम उचल देऊन शिकवता येत नाही.

बाजार पहाटेचा. मासळी उतरली की ढीग लागतात आणि ढिगाभोवती माणसं. लिलाव पुकारणारा भराभर आकडे बोलतो आणि नवख्याला सौदा कधी तुटला तेही समजत नाही. व्यापारी बोलत नाहीत. मान हलते, बोट उचललं जातं आणि पुढच्या मिनिटाला त्या ढिगावर बर्फ पडू लागतो. पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी हा उंची माल वेगळा काढून झालेला असतो. बांगडा क्रेटनं जातो. म्हाकुळ काळ्या शाईत लडबडलेली असते. लालसर राणी मासा ढिगानं पडलेला दिसतो आणि तो घरी कुणी नेत नाही, म्हणून त्याचं काय होतं असा प्रश्न पडतो. त्यातला बराच जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जातो. तिथे त्याचा धुऊन, वाटून लगदा होतो. जपानी लोक त्याला सुरिमी म्हणतात, आणि परदेशातल्या दुकानात तो खेकड्याच्या चवीच्या कांड्या होऊन विकला जातो. मिरकरवाड्याचा संबंध जगाशी कसा आहे हे कळायला ही एक गोष्ट पुरे.

मोठे सौदे झाले की बायकांची वेळ. त्या क्रेट घेत नाहीत, वाटा घेतात. दोघी-तिघी मिळून ढीग उचलतात आणि आपसात वाटून शहराच्या बाजारात किंवा थेट दारोदार नेतात. घासाघीस कशी करावी ते इथे शिकावं. मी एकदा फोनचा कॅमेरा वर केला तेव्हा एका मावशीनं मान न वळवता विचारलं, "दादा, फोटोच काढणार, की मच्छी घेणार काय?" मी बांगडे घेतले. राहायच्या जागी चूल नव्हती, तरी घेतले. खानावळीत दिले तर तळून देतात.

मिरकरवाड्यात वस्ती मुख्यतः दालदी मुसलमानांची. मच्छीमारी हा त्यांचा पिढीजात धंदा आणि बोली कोकणी. शेजारी खारवी आणि भंडारी. शहराच्या दुसऱ्या टोकाला भाट्याच्या खाडीवर राजिवडा आणि पलीकडे कर्ला ही तशाच वस्तीची गावं. इंग्रजांच्या गॅझेटियरनं रत्नागिरीबद्दल मुद्दाम नोंदवलेली गोष्ट म्हणजे इथली तारलीची मासेमारी: जानेवारी-फेब्रुवारीत होड्यांचे तांडे बाहेर पडत, एकेक होडी सकाळभरात भरून येई, आणि खाऊन उरलेली तारली भातशेतीला खत म्हणून जाई. मासे खत म्हणून वापरण्याइतके मिळत असत, हे वाक्य आज धक्क्यावर वाचून दाखवलं तर हसतील.

कारण आजचं सगळं भांडण मासे कमी होण्याचं आहे, आणि मिरकरवाडा त्या भांडणाच्या मधोमध आहे. पर्ससीन जाळ्यांच्या बोटींचं हे मोठं ठाणं. पर्ससीन म्हणजे काय ते धक्क्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांवरून नीट कळत नाही, कारण जाळं डोंगराएवढं असतं. थवं दिसलं की बोट त्याच्याभोवती गोल फिरते आणि जाळ्याची भिंत पाण्यात सोडते. गोल पुरा झाला की तळाच्या कड्यांतून ओवलेली दोरी ओढतात आणि बटव्याची नाडी आवळावी तसा खालचा भाग बंद होतो. वर जे असेल ते सगळं आत. बांगडा, तारली यांसारखी थव्यानं फिरणारी मासळी एका फेऱ्यात टनांनी येते. छोटी होडी आणि गळ-जाळी घेऊन किनाऱ्यालगत फिरणाऱ्याच्या हाती मग काय लागणार, हा पारंपरिक मच्छीमारांचा प्रश्न आणि तो खरा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 ला महाराष्ट्र सरकारनं आदेश काढला आणि राज्याच्या हद्दीत पर्ससीनला फक्त 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर हे चार महिने ठेवले. पाठोपाठ 2017 मध्ये केंद्रानं रात्री एलईडी दिवे लावून मासे जमवण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. 2021 मध्ये राज्यानं सागरी मासेमारीचा 1981 चा कायदा दुरुस्त करून दंड लाखांवर नेला.

धक्क्यावर उभं राहून हे बोलायला लागलं की दुसरी बाजूही ऐकावी लागते. बोट कर्जावर घेतलेली असते. हप्ता बारा महिने चालू असतो. जाळं, इंजिन, डिझेल, बर्फ, पंचवीस-तीस खलाशांचं रेशन हे सगळं चार महिन्यांत भरून काढायचं आणि त्यात वादळाचे दिवस गेले तर गेले. "दर्यात मासा कमी झाला तो आमच्याच बोटीनं का?" असं एका वयस्क तांडेलानं मला विचारलं. परराज्यांतल्या भारी इंजिनांच्या बोटी येऊन धुऊन नेतात त्याचं काय, हा त्याचा पुढचा सवाल. माझं मत विचाराल तर हंगामाचं बंधन हवंच. पण ते पाळलं जातंय का हे पाहणारी गस्तीनौका समुद्रात असावी लागते. नुसत्या आदेशानं मासा वाढत नाही, माणसं मात्र एकमेकांविरुद्ध उभी राहतात.

2025 च्या जानेवारीत बंदराच्या आवारातली अनधिकृत बांधकामं सरकारनं पाडली. धक्क्याजवळच्या झोपड्या, जाळी ठेवायच्या खोल्या, टपऱ्या, सगळं गेलं. बंदराच्या जागेवर बंदराचीच कामं व्हावीत यात वाद नाही, आणि आता जागा मोकळी दिसते हेही खरं. पण जाळी विणणाऱ्यानं उन्हात कुठे बसायचं आणि विकणारीनं पाटी कुठे ठेवायची याची सोय बांधकाम पाडण्याआधी व्हायला हवी होती. गाळाचं दुखणं जुनंच आहे. बंदर गाळानं भरतं, ओहोटीला बोट आत घेणं अवघड होतं, गाळ काढतात, पुन्हा भरतो. अशा ठिकाणी पर्यटकानं का यावं? मला विचाराल तर या शहराचा दिवस कशावर चालतो हे दुसरीकडे कुठे इतकं उघड दिसत नाही म्हणून.

ऊन वर आलं की बंदर विरळ होतं. टपरीवर चहा घेऊन किल्ल्याच्या रस्त्याला लागावं. वाटेत भागेश्वराचं देऊळ आहे. ते बांधणाऱ्या भागोजी शेठ कीरांची गाठ गावात पुन्हा पडणार आहे. रत्नदुर्ग, म्हणजे गावच्या भाषेत भगवतीचा किल्ला, तीन बाजूंनी पाण्यात आहे. बहामनी काळातला हा किल्ला पुढे आदिलशाहीत गेला, 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला आणि नंतर आंग्र्यांच्या ताब्यात राहिला. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे आणि समोरच्या टेकाडावर 1867 सालचं दीपगृह. किल्ला म्हणून पाहायला गेलात तर कदाचित थोडी निराशा होईल. सिंधुदुर्ग-विजयदुर्गासारखा तो अंगावर येत नाही. इथे यायचं ते तटावर उभं राहून खाली बघायला. उत्तरेला मिरकरवाड्याच्या बोटी, त्यापुढे पांढरा समुद्र आणि मिऱ्याचा डोंगर. दक्षिणेला काळा समुद्र, म्हणजे मांडवीची किनारपट्टी, आणि तिच्या टोकाला भाट्याची खाडी. समुद्र एकच, पण एकीकडे वाळू पांढरी आणि दुसरीकडे इल्मेनाइटच्या कणांनी काळी. मधे फक्त हा डोंगर. रत्नागिरीचा नकाशा कागदावर बघायची मग गरज राहत नाही.

पांढऱ्या समुद्राकडे खाली उतरलात तर वाळू शोधावी लागेल. लाटांनी किनारा खात आणला, आता आहे तो दगडी बंधारा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात नांगर सुटलेलं 'बसरा स्टार' हे तेलवाहू जहाज याच मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलं; लोक सेल्फी काढायला येऊ लागले. नागपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच मिऱ्यापासून सुरू होतो, ही गोष्ट विदर्भातल्या मित्रांना सांगायला बरी असते. बरोबर मुलं असतील तर झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं संग्रहालय आहे. 1958 पासूनचं हे केंद्र आज कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. काचेच्या टाक्यांतल्या माशांपेक्षा तिथला देवमाशाचा सांगाडा मुलांच्या जास्त लक्षात राहतो.

गावात यायचं ते टिळक आळीत. रत्नागिरीवर लिहिताना अंतू बर्वा हे साहित्यातलं पात्र आणावंच लागतं असा एक अलिखित नियम आहे. मी तो मोडतो. टिळकांचं जन्मस्थान म्हणून दाखवतात ते कौलारू घर भाड्याचं होतं. वडील गंगाधरपंत शाळामास्तर, मूळ गाव दापोलीजवळचं चिखलगाव. 23 जुलै 1856 चा जन्म आणि दहाव्या वर्षी पुण्याला प्रस्थान. म्हणजे रत्नागिरीच्या वाट्याला टिळक आले ते बालपणापुरते. घर मात्र छान जपलेलं आहे, अंगणात सावली आहे, आणि दुपारच्या आधी तिथे फारसं कुणी नसतं. इथून थिबा राजवाडा रिक्षानं दहा मिनिटांवर. ही दोन ठिकाणं लागोपाठच पाहावीत, मधे काही घालू नये.

त्याचं कारण असं. 1885 च्या नोव्हेंबरात पंधरवड्याच्या लढाईत इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा, राणी सुपयालत आणि दोन लहान मुली यांना बोटीवर चढवलं. आधी मद्रास, मग 1886 च्या एप्रिलात रत्नागिरी. तिसरी मुलगी मद्रासला झाली आणि चौथी रत्नागिरीत. रत्नागिरीच का? त्या काळी इथे यायचं तर आगबोटीनं, आणि पावसाळ्यात आगबोट बंद. घाटाचा रस्ता लांबचा. ज्याला कुणी भेटायला जाऊ नये अशा माणसाला ठेवायला ही जागा सोयीची होती. थिबा इथे तीस वर्षं राहिला. सुरुवातीला सरकारी बंगल्यांत, आणि 1910 च्या नोव्हेंबरात या नव्या राजवाड्यात. तिथे त्याला सहाच वर्षं मिळाली. 1916 च्या डिसेंबरात तो गेला.

आता टिळकांचं पाहा. 1908 मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं मंडालेला. तिथला तुरुंग थिबाच्याच किल्ल्याच्या तटाच्या आत. 1910 च्या हिवाळ्यात, म्हणजे थिबा रत्नागिरीतल्या नव्या वाड्यात सामान लावत होता त्याच सुमारास, टिळक मंडालेच्या कोठडीत 'गीतारहस्य' लिहीत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत कोंडलेला आणि रत्नागिरीत जन्मलेला पुढारी मंडालेत. सरकारी दप्तरात याची कुणी मौज केली असेल असं वाटत नाही. त्यांच्या लेखी दोन्ही गावं एकाच उपयोगाची होती. अर्धशतक आधी बहादूरशहा जफरला त्यांनी असंच दिल्लीहून रंगूनला नेलं होतं.

राजवाडा लाल चिऱ्याचा, उतरत्या छपरांचा, लाकडी नक्षीच्या अर्धगोल कमानींचा. जागा उंचावर आहे आणि मागच्या बाजूनं खाडी आणि समुद्र दिसतो. आत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. दुरुस्तीमुळे कधी काही दालनं बंद असतात, तेव्हा जाण्याआधी चौकशी करावी. दर जानेवारीत इथल्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो आणि त्या रात्री राजवाडा जितका शोभतो तितका दिवसा कधीच शोभत नाही. अमिताव घोष यांच्या 2000 सालच्या 'द ग्लास पॅलेस' या कादंबरीनं थिबा जगाला पुन्हा माहीत करून दिला, सुधा शहांनी 2012 मध्ये 'द किंग इन एक्झाइल' लिहून कुटुंबाची पुरी हकिकत मांडली. त्यातली सगळ्यात रत्नागिरीची वाटणारी हकिकत थोरल्या राजकन्येची. ती इथल्याच नोकरीतल्या एका मराठी माणसावर जीव लावून बसली. 1919 मध्ये राणी मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परतली खरी, पण थोरली आपल्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली आणि 1947 मध्ये इथेच वारली. ती मुलगी, टूटू, इथे वाढली, मराठीत बोलली, इथेच तिनं संसार केला, कष्ट केले आणि 2000 साली गेली. मंडालेच्या राजाची नात रत्नागिरीच्या बाजारात भाजी आणायला जात असणार, आणि शेजारणींना त्याचं काही विशेष वाटत नसणार. राजाची कबर शिवाजीनगर भागात आहे. 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. पाहुण्यांपैकी राजवाड्यातून कबरीपर्यंत जाणारे फार थोडे. जा. पाच मिनिटांचं काम आहे.

एवढ्यात भूक लागलेली असते. सकाळचे बांगडे खानावळीत दिले असतील तर उत्तम. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी, तांदळाची भाकरी, मागून भात आणि सोलकढी. सुरमईची तुकडी कुठेही मिळते. रत्नागिरीत येऊन बांगडा आणि म्हाकुळ सोडून ती मागवणाऱ्याला मी अडवणार नाही, पण माझं मत त्याला कळू देईन. जेवणानंतर एक ते चार गावातली बरीच दुकानं बंद असतात. त्यांच्याबरोबर आपणही झोपावं. आदर्श दिवसाच्या यादीत झोप लिहिलेली नसते, ही अशा याद्यांची मोठी खोट आहे.

चारनंतर पतितपावन मंदिर. रत्नागिरीत ठेवलेला दुसरा प्रसिद्ध स्थानबद्ध म्हणजे सावरकर. 1924 च्या जानेवारीत सुटका झाली ती जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर, आणि त्या अटी 1937 पर्यंत चालल्या. राजकारण बंद म्हणून त्यांनी इथे अस्पृश्यतेविरुद्ध काम मांडलं: शाळांत मुलं एकत्र बसवणं, सहभोजनं, देवळात प्रवेश. जुन्या देवळांचे दरवाजे उघडेनात तेव्हा सर्व हिंदूंना खुलं असं नवंच देऊळ उभं राहिलं. 22 फेब्रुवारी 1931 ला प्रतिष्ठा झाली. खर्च भागोजी शेठ कीरांचा. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरातला हा मुलगा मुंबईला गेला, सुतारकामापासून मोठा कंत्राटदार झाला, आणि दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या स्मशानभूमीची जागाही त्याचीच देणगी. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. पण कोकणातल्या आळ्यांत त्या काळी पंगतीला कोण कुणाच्या शेजारी बसतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला 1931 सालचं हे देऊळ लहान गोष्ट वाटणार नाही. आणि श्रेय वाटताना पैसा देणाऱ्या भंडाऱ्याचं नाव नेहमी दुसरं येतं, तेही जरा सुधारायला हरकत नाही. इथून जवळच जिल्हा नगर वाचनालय आहे, 1828 साली सुरू झालेलं. पेशवाई जाऊन दहा वर्षं झाली होती तेव्हाचं. आजही तिथे संध्याकाळी वर्तमानपत्रासाठी माणसं ताटकळतात, हे पाहून बरं वाटतं.

ऊन उतरलं की भाट्ये. काजळी नदी इथे समुद्राला मिळते, पुलावरून पलीकडे गेलं की सुरूचं बन आणि लांब सपाट किनारा. नारळ संशोधन केंद्र आणि झरी विनायकही याच वाटेवर. कुणी थिबा पॉइंटवरून सूर्यास्त पाहा म्हणेल, कुणी भाट्याच्या पुलावरून. मी मांडवीच्या बाजूचा. मांडवीला 'गेटवे ऑफ रत्नागिरी' म्हणतात ते मोठेपणासाठी, पण त्यात खोटंही काही नाही. मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, म्हाताऱ्या सगळे पडावातून तिच्यापर्यंत जायचे; लाट असली की बोटीच्या शिडीला हात लागेपर्यंत जीव मुठीत. कोकणातल्या दोन-तीन पिढ्या अशाच मुंबईला गेल्या आणि गिरण्यांच्या चाळींत राहिल्या. ती बोट 1980 च्या दशकात बंद पडली. आता जेटीवर भेळ, मक्याचं कणीस, घोडा, आणि काळ्या वाळूत खेळणारी पोरं. ज्यांना कोंडून ठेवलं त्यांच्या जागा शहरानं जपल्या, पाट्या लावल्या. ज्या जेटीवरून हजारोंनी गाव सोडलं तिथे त्यांची आठवण सांगणारी एखादी नीटशी पाटी लागावी अशी माझी नगरपरिषदेला विनंती आहे. फोटो आणि कागद घराघरांत अजून आहेत, सांगणारी माणसंही आहेत.

रात्रीच्या गाडीनं परतणाऱ्यांनी इथून सरळ स्टेशन गाठावं. राहणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी खुशाल गणपतीपुळ्याला जावं, किंवा पावसला, किंवा उक्षी-देवूडच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघायला. 2022 पासून कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

मिरकरवाड्याला जाणाऱ्यांसाठी थोडं. पायात पांढरे बूट नकोत. क्रेट घेऊन येणाऱ्या खलाशाची वाट अडवू नये, तो थांबू शकत नाही. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. नाकाला रुमाल लावायचा असेल तर बंदराच्या बाहेर लावावा आणि आत येऊच नये. निदान पाव किलो मासळी घ्यावी, भाव करावा, पण रडवू नये. सगळ्यात गजबजलेले महिने सप्टेंबर ते डिसेंबर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा गेलात तर बोटी धक्क्याला आणि जाळी मांडीवर दुरुस्तीला दिसतील, लिलाव दिसणार नाही.